जिन्यातली चित्रं

आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. तीन मजले, सहा बिऱ्हाडं, आणि पहिल्या मजल्यावर जाताना जिना जिथे वळतो तिथे भिंतीवर टांगलेला एक नोटीस बोर्ड. टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा, मेंटेनन्स भरा, असल्या सूचना पूर्वी त्यावर लागायच्या. पुढे त्या सगळ्या मोबाइलवर यायला लागल्या आणि बोर्डवर नुसत्या चार टाचण्या उरल्या. चार वर्षांपूर्वी एका सोमवारी मी तिथे एक चित्र लावलं. तेव्हापासून दर दुसऱ्या सोमवारी एक चित्र उतरतं, दुसरं चढतं. खाली मी नाव, गाव आणि साल एवढंच लिहिते. कुणी थांबून विचारलं तर मात्र तिथेच पायरीवर उभं राहून बोलायला मला मनापासून आवडतं.

माझी आवडती चित्रं इतकी वर्षं माझी एकटीची होती. पुस्तकांत, कात्रणांच्या वहीत, लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये. जिन्यात आल्यावर ती बदलली. म्हणजे चित्रं तीच, पण त्यांत मला न दिसलेलं काहीबाही दुसऱ्यांना दिसायला लागलं, आणि आता ते मलाही दिसल्याशिवाय राहत नाही.

पहिला धक्का दिला तो आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी. मावशी भंडाऱ्याकडच्या. गुडघे दुखतात म्हणून त्या जिन्याच्या वळणावर दोन मिनिटं टेकतात, आणि टेकल्या की समोर बोर्ड. तेव्हा तिथे व्हर्मीरची दूध ओतणारी बाई होती. योहान्स व्हर्मीर, डेल्फ्ट, साधारण १६५८ ते १६६०. मूळ चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. खिडकीतून येणारा उजेड, पिवळी चोळी, निळा ॲप्रन, टेबलावर पाव, आणि मातीच्या भांड्यातून पडणारी दुधाची धार. मी हे चित्र पंचवीस वर्षं पाहत आले होते आणि माझ्या लेखी ते उजेडाचं चित्र होतं.

मावशी म्हणाल्या, "ताई, हे बाई घाईत नाई."

मी विचारलं, कशावरून?

"दोनी हातानं धरलं हाये ना भांडं. एका हातानं दांडा, अन् दुसरा हात खालून. धार पाय केवढी बारीक हाये. मापानं ओतून रायली थे. जास्त पडू नये म्हनून." मग टेबलाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "पाव शिळे हायेत थे. ताजा पाव कोनी असा तोडून ठेवते का? दुधात भिजवन आता."

शिळ्या पोळीचा दुधात कुस्करा करणाऱ्या बाईला जे एका नजरेत कळलं, तेच अभ्यासकांनीही लिहून ठेवलं आहे: शिळा पाव वाया जाऊ नये म्हणून दुधात शिजवायच्या एखाद्या पदार्थाची ही तयारी असावी. मी ते वाचलं होतं. पण वाचलेलं आणि हाताला ठाऊक असलेलं यांत फरक असतो, तो मला त्या दिवशी दिसला. त्या दिवसापासून मी ते चित्र उजेडाकडून पाहायला सुरुवात करत नाही. आधी भांड्याखालचा तो डावा हात पाहते.

जाता जाता मावशींनी आणखी एक विचारलं. "त्या खिळ्याले काही अडकवलं काऊन नाई थ्यानं?"

बाईच्या डोक्याच्या मागे पांढरी भिंत आहे. त्या भिंतीत खरोखरच एक खिळा आहे, त्याची बारीकशी सावली आहे, आणि उपटून काढलेल्या खिळ्यांची भोकंही आहेत. २०२२ मध्ये संग्रहालयाने या चित्राची आधुनिक यंत्रांनी तपासणी केली तेव्हा कळलं, की व्हर्मीरने त्या भिंतीवर आधी सुरया टांगायची एक फळी रंगवायला घेतली होती. खाली जमिनीपाशी एक टोपलीही होती. दोन्ही त्याने स्वतःच रंगाखाली बुजवून टाकली. मोठ्या वस्तू गेल्या, खिळा राहिला. मी मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग बरोबर हाये. भांडे काढले त खिळा रायतेच."

हे चित्र मी नागपुरातल्या शंकरनगरच्या एका छपाईवाल्याकडून खऱ्या मापात काढून आणलं होतं. साधारण ४५ सेंटिमीटर उंच आणि ४१ रुंद. फार मोठं नाही, आपल्याकडच्या मोठ्या कॅलेंडराएवढंच. खऱ्या मापाचा हा हट्ट मला एका छोट्या मुलीमुळे लागला आहे.

ती मुलगी म्हणजे मोहेंजोदडोची नर्तिका. १९२६ साली अर्नेस्ट मॅके यांच्या उत्खननात सापडली, वय अंदाजे ४५०० वर्षं, सध्या मुक्काम दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय. शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र अर्धं पान व्यापून असायचं. शेजारी माप दिलेलं असेलही, पण मापाकडे त्या वयात कोण पाहतं. मी तिला कायम माझ्याएवढी समजत होते. दिल्लीत काचेच्या पेटीसमोर उभी राहिले तेव्हा चाळिशी उलटली होती. ती साडेदहा सेंटिमीटरची आहे. माझ्या तळहातावर मनगटापासून मधल्या बोटाच्या पेरापर्यंत मावेल एवढी. आणि एवढ्याशा अंगात तो तोरा! उजवा हात कमरेवर, डाव्या हातात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्या, हनुवटी वर. पावलं तुटली आहेत, तरी ती ठाम उभी आहे. मी पेटीसमोर वाकले, मग जवळजवळ गुडघ्यांवर आले, तेव्हा कुठे आमची नजरानजर झाली.

जिन्यात लावलेलं पहिलं चित्र तिचं होतं. साडेदहा सेंटिमीटर, मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध. लोकांना कागदाजवळ जावं लागावं, एवढीच इच्छा होती. पाचव्या दिवशी ते चित्र तिथे नव्हतं. चारही टाचण्या नीट परत खोचून ठेवलेल्या होत्या. कुणी काढलं ते मी विचारलं नाही. अंगावर कपडे नाहीत म्हणून काढलं असणार, हे उघड होतं. मला खूप लागलं ते. दोन दिवस मी जिन्यात कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच चित्र पुन्हा लावलं आणि खाली लिहिलं, "बांगड्या मोजून पाहा." पोरांनी मोजायला सुरुवात केली. उजव्या हातात चार, यावर एकमत झालं. डाव्या हाताच्या चोवीस की पंचवीस, यावरून भांडणं झाली. यवतमाळकडच्या वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, आमच्या गावात बंजारा बायका अशाच दंडापर्यंत घालायच्या, पांढऱ्या. त्यानंतर ते चित्र कुणी काढलं नाही.

ती घडली कशी, हे मला दिल्लीत कळलं नव्हतं. ते नागपुरात कळलं. सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात हस्तशिल्पांचा मेळा भरतो. तिथे बस्तरचा एक घडवा कारागीर मांडी घालून काम करत बसला होता. त्याच्या हातात मातीचा ओबडधोबड हत्ती होता आणि मांडीवर मेणाच्या दोऱ्यांची गुंडाळी. शेवयांसारखे ते दोरे तो हत्तीच्या अंगावर एकाला एक लावून गुंडाळत होता. मेणाचा थर झाला की त्यावर पुन्हा माती. आधी बारीक, मग जाड, भुसा मिसळलेली. एक तोंड तेवढं मोकळं ठेवायचं. भट्टीत तापवलं की मेण वितळून जातं, आणि मेणाने सोडलेल्या जागेत पितळेचा रस जाऊन बसतो. थंड झालं की वरची माती फोडायची. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून एका हत्तीसारखा दुसरा कधीच होत नाही. मी त्याला मोबाइलवर नर्तिकेचा फोटो दाखवला. त्याने स्क्रीनवर बोटांनी बांगड्या मोठ्या करून पाहिल्या आणि शेजारच्या पोराला म्हणाला, "मोम का काम है."

बास. ४५०० वर्षं त्याने चार शब्दांत ओलांडली. आणि ती बरोबर ओलांडली. नर्तिका मेण गाळूनच ओतलेली आहे.

मीरा मुखर्जी हे नाव मी त्याच्यामुळे शोधलं. १९२३ मध्ये जन्मलेल्या या शिल्पकार म्युनिकला शिकून आल्या आणि परत आल्यावर बस्तरच्या घडव्यांसमोर शिकायला बसल्या. त्यांच्या ब्राँझमधल्या माणसांच्या अंगावर त्या दोऱ्यांच्या रेघा तशाच ठेवलेल्या दिसतात. नाव चालवणारे, विणणारे, ओझी वाहणारे लोक. युरोपात शिकून आल्यावर आपल्या घरामागच्या कारागिराकडे शिष्य म्हणून जायला काय लागत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

चित्रं दुसऱ्याला दाखवायची ही ओढ बाबांकडून आली. बाबा पोस्टात होते. रविवारी मला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून ते अजब बंगल्यात न्यायचे. १८६३ सालापासून असलेल्या त्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपुरात दुसरं नाव नाही. आम्हा पोरांना पेंढा भरलेले प्राणी पाहायचे असायचे. बाबा मात्र तांब्याच्या कुऱ्हाडींपाशी थांबत. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० साली एक पुरलेला साठा सापडला: ४२४ तांब्याची अवजारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे, त्यांतले काही शिंगं असलेल्या बैलाच्या तोंडासारखे कापलेले. त्यातला काही भाग लंडनला गेला, काही इथे राहिला. बाबा हळू आवाजात विचारायचे, "एवढं तांबं नीट पुरून ठेवणारा माणूस परत का आला नसेल गं?" उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. दर खेपेला ते तोच प्रश्न विचारायचे, आणि दर खेपेला माझ्या अंगावर काटा यायचा.

मी त्या कुऱ्हाडी मोठ्या आशेने जिन्यात लावल्या. पंधरा दिवसांत एकही माणूस थांबला नाही. एकदाही नाही. काही गोष्टींना बाबांचा आवाज लागतो.

अजिंठ्याचं चित्र खऱ्या मापात लावणं शक्यच नव्हतं. अजिंठ्याविषयी नागपुरात बोलताना मला एक गोष्ट नेहमी आवर्जून सांगावीशी वाटते: ती लेणी पूर्वीच्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर असली तरी त्यांतला सगळ्यांत देखणा भाग ज्या राजवटीत झाला ती वाकाटकांची होती, आणि वाकाटक आपले. एक शाखा आपल्या रामटेकच्या पायथ्याशी, नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला; दुसरी वत्सगुल्मला, म्हणजे वाशिमला. पाचव्या शतकातला हरिषेण हा वाशिमच्या शाखेचा. त्याचा मंत्री वराहदेव याने १६ वं लेणं कोरवलं. रामटेकच्या डोंगरावरचा तांबड्या दगडाचा केवल नरसिंह त्याच शतकातला आणि नंदिवर्धनच्या घराण्यातला. तो कागदावर लावण्यात अर्थ नाही, तिथे जाऊन त्याच्यासमोर लहान व्हावं लागतं.

मी लावलं ते १७ व्या लेण्यातलं चित्र. बुद्ध भिक्षापात्र घेऊन दारात आले आहेत. समोर यशोधरा आणि राहुल. बुद्धांची आकृती भिंतभर उंच, आणि ही दोघं त्यांच्यापुढे इवलीशी, मान वर करून पाहणारी. आईचा हात मुलाला पुढे करतो आहे. रंग गेरूचे, पिवळ्या मातीचे, काजळीचे, हिरव्या मातीचे. अजिंठ्याचा निळा तेवढा दूर अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. खाली भुसा आणि चिखलाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात. गिलावा जिथे निघाला तिथे चित्रही गेलं आहे. या भिंतींच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल वर्षानुवर्षं तिथे राहिले आणि त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. त्या विद्यार्थ्यांचं काय झालं असेल, ती बातमी मुंबईत पोचली तेव्हा? मला त्यांच्यासाठी आजही वाईट वाटतं.

मी या चित्राकडे आई-मुलाचं चित्र म्हणून पाहत होते. सगळेच पाहतात. एका संध्याकाळी तळमजल्यावरचे काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, दूध घेऊन येताना थांबले. त्यांच्या मुलीने पाली घेऊन एम. ए. केलं आहे, आणि रविवारी विहारातली वंदना काका चुकवत नाहीत. त्यांच्या नातवाचं नाव राहुल.

"ताई, हा मुलगा इथे काय बोलतो, माहीत आहे का तुम्हाला?"

मला फक्त वारसा मागतो एवढं माहीत होतं.

"ते नंतर. आई सांगते, ते तुझे वडील, जा, त्यांच्याकडे वारसा माग. तो जातो, समोर उभा राहतो, आणि आधी म्हणतो, सुखा ते समण छाया. श्रमणा, तुमची सावली सुखाची आहे." काकांनी दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "सात वर्षांचं पोर. बापाला कधी पाहिलं नाही. मागायला आलं आणि आधी सावलीविषयी बोललं. मग चालत्या बापाच्या मागे जात जात म्हणतो, दायज्जं मे समण देहि. माझा वारसा मला द्या."

मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. एवढी वर्षं मी बुद्धांच्या उंचीचा अर्थ मोठेपणा असा लावत होते. थोराला थोर काढायचं, ही चित्रकलेची जुनी रीत आहे, ते खरंच आहे. पण काकांनी ते वाक्य उच्चारलं आणि ती उंची निराळीच दिसायला लागली. एवढ्या मोठ्या देहाशिवाय दोघांना पुरेल एवढी सावली पडणार कुठून? मे महिन्यात ४६ अंशांत अंबाझरी रस्त्यावरून पायी आलेल्या माणसाला सावलीचं सुख समजावून सांगावं लागत नाही. चित्रकाराला ते पाली वाक्य ठाऊक असणार, अशी माझी आता खात्री झाली आहे. पुरावा माझ्याकडे चित्राशिवाय दुसरा नाही.

काका पुढे बोलले ते मी विसरू शकत नाही. "वारसा म्हणून त्यांनी त्याला प्रव्रज्या, म्हणजे भिक्षूची दीक्षा दिली. आजोबांना फार दुःख झालं. शुद्धोदन म्हणाले, आधी मुलगा गेला, आता नातू. निदान यापुढे आईबापाला विचारल्याशिवाय कुणाच्या मुलाला घेऊ नका. आणि बुद्धांनी ते मानलं. नियमच केला." एवढं सांगून ते दूध तापवायला खाली गेले.

त्या आठवड्यात चौदा ऑक्टोबर होता. दीक्षाभूमीच्या बाजूने येणारे रस्ते माणसांनी भरलेले होते. पांढरी वस्त्रं, लहान मुलं खांद्यावर. सांचीच्या धर्तीवर बांधलेल्या त्या स्तूपाच्या घुमटाकडे पाहताना माझ्या मनात तेच तीन-चार पाली शब्द घोळत होते.

एक शिल्प मात्र मी चार वर्षांत लावलेलं नाही आणि लावणारही नाही. केथे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचा मुलगा पीटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये, अठराव्या वर्षी, बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. पुढे १९३७ च्या सुमाराला तिने एक लहान शिल्प केलं: मेलेल्या मुलाला गुडघ्यांत घेऊन बसलेली म्हातारी आई. त्याची मोठी प्रत बर्लिनच्या एका स्मारकात आहे. तिथे छताला गोल भोक आहे. पाऊस पडला की पाऊस, बर्फ पडलं की बर्फ, सरळ त्या आईच्या अंगावर पडतं. जगातल्या ज्या दहा गोष्टी मला सर्वांत जवळच्या वाटतात त्यांत ती आहे. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरही एक आई राहते. दिवसातून दोनदा ती या जिन्यातून उतरते आणि चढते. जिना तिचाही आहे.

मुलांसाठी एल अनात्सुई लावला होता. घानात जन्मलेला, नायजेरियात काम केलेला शिल्पकार. बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चपटी करून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवतो आणि भिंतभर सोनेरी वस्त्र तयार होतं. पोरांनी आजूबाजूचे पानठेले पालथे घातले. महिनाभरात गच्चीवर झाकणांचा हातभर गालिचा झाला. तो अजून आहे, आणि ऊन पडलं की खरंच झगमगतो.

आणि मग मंडला. नर्मदेकाठच्या त्या मुलखातून दोन चित्रकार निघाले. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये तिकडच्या एका वनखेड्यात जन्मले, नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबई, मग पॅरिस; साठ वर्षांनी परतले आणि २०१६ मध्ये गेले तेव्हा वडिलांशेजारी मंडल्यातच विसावले. जनगढ सिंह श्याम त्याच भागातल्या पाटणगढचे, परधान गोंड. बाणा हे वाद्य वाजवून गोंडांच्या वंशकथा गाणारा हा समाज. जनगढने त्या कथांतले देव पहिल्यांदा रंगांत उतरवले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात त्याला आणलं गेलं, १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली, आणि २००१ मध्ये जपानमध्ये, घरापासून दूर, त्याने आयुष्य संपवलं. त्याची हरणं माझ्या फार जिवाची आहेत. त्यांची शिंगं झाडासारखी फुटत जातात आणि अंग बारीक ठिपक्यांनी भरलेलं असतं. हे नागपूर १७०२ मध्ये बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसवलं, हे या शहरात राहून कितीदा आठवतं आपल्याला? जनगढचं हरीण लावलं तेव्हा खाली मी ते साल आणि ते नावही लिहिलं. ते हरीण सहा आठवडे राहिलं. उतरवू नका, असं दोन घरांतून सांगणं आलं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, १९२४ मध्ये. हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशीची होते. इथल्या कुठल्याच शाळेत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. घराणं गोव्याचं, शिक्षण जे. जे. ला, आयुष्याचा शेवटचा मोठा काळ दिल्लीत निजामुद्दीनला, जवळजवळ एकांतात. त्यांच्या चित्रांत वस्तू नाहीत, माणसं नाहीत, बहुतेकांना नावंही नाहीत. वर्षाला पाच-सहा चित्रं व्हायची, क्वचित अधिक. त्यांच्या निधनानंतर, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

गेल्या दिवाळीआधी मी त्यांचं एक चित्र लावलं. करडं-हिरवं, खोल पाण्यासारखं, त्यात काही खुणा तरंगताहेत, लिपीसारख्या पण वाचता न येणाऱ्या. आठवडा गेला. मावशी टेकल्या, पाहिलं, काही बोलल्या नाहीत. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि "बरं आहे" म्हणाले. पोरं धावत गेली. मला कुऱ्हाडींची आठवण झाली.

त्याच आठवड्यात इमारतीला रंग द्यायला काढला. रंगारी जिन्यातला जुना डिस्टेंपर खरडत वर आला आणि बोर्डापाशी थांबला. मी चहा घेऊन उतरत होते. तो चित्राजवळ नाक नेऊन बघत होता.

"हे ब्रशनं नाई मारलं मॅडम."

मी म्हटलं, नाही, रोलर वापरायचे ते. आणि रंगाची पट्टी.

"थेच म्हनतो. इथं रोलर फिरवला, अन् इथं पट्टीनं ओढून काढला हाये." त्याचं बोट कागदापासून बोटभर अंतरावर फिरत होतं, हाताला चुना होता म्हणून तो टेकवत नव्हता. "खालचा हात पुरा वाळू देल्ला यानं. मंग वरचा पातळ मारला, अन् ओला हाये तवाच उचलला. म्हनून खालचा दिसून रायला. घाई केली असती त सगळं एक झालं असतं, चिखल." थोडा थांबून त्याने विचारलं, "किती दिवस लागले असन याले?"

फार थोडी चित्रं व्हायची वर्षात, असं मी सांगितलं.

"लागनच," तो म्हणाला. मग मला बसायला पायरी दाखवून तो स्वतः वरच्या पायरीवर बसला, चहा घेतला, आणि चहा संपेपर्यंत त्या चित्राकडेच पाहत राहिला. मी इतकी वर्षं त्या चित्रांत शांतता शोधत होते, झेनविषयी वाचलेलं काही जुळतंय का बघत होते. वाळायला दिलेला वेळ मला कधी दिसला नव्हता. तो तिथे आहे, थराथरात आहे. आता मला तो करड्या रंगाच्या खालून वर येताना दिसतो.

"कुठले हे?" त्याने उठताना विचारलं.

"जन्म नागपूरचा."

"आपलेच की मंग."

त्याने बोर्ड उतरवला, चित्रासकट जपून माझ्या हातात दिला. बोर्डामागची भिंत बरीच खराब होती. पूर्वी तिथे पत्रपेट्या होत्या, त्यांच्या खिळ्यांची भोकं होती. वरच्या अंगाला एक जुना खिळा तसाच राहिला होता. तो लांबीचा डबा उघडत म्हणाला, "हे सगळे भोकं बुजवून घेतो. हा खिळा बी काढून टाकू?"

मी म्हटलं, भोकं भरा. खिळा राहू द्या.

त्याने कारण विचारलं नाही. खिळ्याभोवतीची लांबी पत्र्याच्या टोकाने नीट गोल फिरवून घेतली आणि पुढच्या भिंतीकडे वळला.

तीन दिवसांनी दुसरा हात वाळला. बोर्ड अजून घरातच होता. जिन्यातली भिंत कोरी, पांढरी, आणि वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात त्या खिळ्याची तिरपी सावली. मी दार उघडून पाहते तो मावशी वळणावर टेकलेल्या. हातातली भाजीची पिशवी त्यांनी त्या खिळ्याला अडकवली होती आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबत त्या कोऱ्या भिंतीकडे पाहत होत्या.

"ताई," त्यांनी विचारलं, "आता कोनाचं लावता?"